सांगड : जोडहोडीच्या दोरांचा इतिहास

'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण नित्य वापरतो. श्रद्धा आणि विज्ञान यांची सांगड, संसार आणि सेवा यांची सांगड, जुन्या आणि नव्या पिढीची सांगड. प्रवचनात मी स्वतः तो किती वेळा वापरला असेल, याची गणती नाही. परंतु हा शब्द मुळात पाण्यावरचा आहे, हे आपण विसरून गेलो आहोत. दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन भोपळे एकत्र बांधून केलेले तरून जाण्याचे साधन म्हणजे सांगड. नदी ओलांडणाऱ्या माणसाने हा शब्द घडविला आणि कोरड्या जमिनीवर बसून लिहिणाऱ्यांनी तो अलंकार म्हणून उचलला.

आज जगभर ज्या जोडहोडीला 'कॅटमरान' म्हणतात, ती म्हणजे आपली सांगडच होय. दोन अरुंद धडे, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, मध्ये उभी डोलकाठी आणि तिला चहूबाजूंनी धरून ठेवणारे तणावे. मंडप उभारताना खांबाला जे ताणाचे दोर बांधतात त्यांना आपण तणावे म्हणतो. डोलकाठीच्या दोरांनाही तोच शब्द चपखल बसतो. या लेखात मला सांगायची आहे ती या तणाव्यांची आणि त्यांच्या गाठी, कड्या व खिळ्यांची कथा. विषय वरवर पाहता खलाशांच्या कामाचा वाटेल. पण जुनी होडी अधिक सुरक्षित कशी करावी, या प्रश्नाला माणसाने दोन हजार वर्षांत जी वेगवेगळी उत्तरे दिली, त्यांत आपल्या सर्वांना विचार करायला लावणारे बरेच काही आहे.

बांधलेले लाकूड

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेला 'पेरिप्लस' हा प्रवासग्रंथ प्रसिद्ध आहे. आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्याचा उल्लेख त्यात आहे, म्हणून तो आपल्याला विशेष जवळचा. याच ग्रंथात भारताच्या पूर्व किनाऱ्याविषयी लिहिताना, एकसंध लाकडे एकत्र बांधून केलेल्या फार मोठ्या नावांचा उल्लेख येतो आणि लेखक त्यांना 'संगर' म्हणतो. हा शब्द आणि तराफ्यासाठी दक्षिणेतील भाषांत रूढ असलेले 'चंगाडम', 'जंगार' यांसारखे शब्द एकाच कुळातील असावेत, असे अभ्यासकांनी सुचविले आहे. आपली 'सांगड'ही त्यांच्याच घरची वाटते. केरळात दोन होड्या जोडून केलेल्या तरीला आजही जंगार म्हणतात.

'कॅटमरान' हा शब्दही आपल्याच देशाचा आहे. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे लाकूड. 'कट्टुमरम्' म्हणजे बांधलेले लाकूड. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर आलेल्या इंग्रज दर्यावर्दींनी तो उचलला. विल्यम डॅम्पियर याच्या १६९७ सालच्या प्रवासवर्णनात तो आढळतो. गंमत अशी की, तमिळ कोळ्याचे कट्टुमरम् ही जोडहोडी नव्हेच. हलक्या लाकडाचे काही ओंडके शेजारी शेजारी बांधून केलेला तो एक निमुळता तराफा. पुढे पाश्चात्त्यांनी पॅसिफिक महासागरातील दोन धडांच्या होड्यांनाही तेच नाव देऊन टाकले. नाव चुकले खरे, पण चुकीतही एक सत्य राहून गेले. या होडीचा प्राण लाकडात नाही, बांधण्यात आहे, हे त्या नावात कायमचे नोंदले गेले.

कट्टुमरम् वापरणाऱ्या कोळ्यांशी आपल्या ख्रिस्ती इतिहासाचे नाते जुने आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आले आणि त्याच वर्षी दक्षिणेच्या मोती-किनाऱ्याकडे गेले. १५४४ च्या अखेरीस त्यांनी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मुक्कुवर कोळ्यांना बाप्तिस्मा दिला. त्या किनाऱ्यावर गावोगाव देवळासमोरच्या वाळूत ही कट्टुमरमे ओढून ठेवलेली असत. मासेमारीहून परतल्यावर कोळी त्यांचे दोर सोडून ओंडके सुटे करीत आणि उन्हात वाळवीत; कारण लाकूड पाणी पिऊन जड होई. दुसऱ्या वेळी समुद्रात जाताना पुन्हा सारे बांधावयाचे.

वरवर पाहता हे दुप्पट कष्टाचे काम. परंतु त्यात एक मोठी सुरक्षितता आपोआप साधत असे. ज्या दोरावर जीव अवलंबून आहे तो दोर प्रत्येक फेरीला हातातून जाई. कोठे झिजला आहे, कोठे काथ्या कुजला आहे, हे बोटांना कळत असे. मी लहान असताना आमच्या किनाऱ्यावरील म्हातारे तांडेल दोर पाहत नसत, अंगठ्याखालून सरकवीत. त्याचा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

महासागरावरची सांगड

पॅसिफिक बेटांवरील लोकांनी सांगडीची कला शिखरास नेली. लोखंडाचा एकही खिळा नसताना, नारळाच्या काथ्याच्या वेण्यांनी फळ्या शिवून आणि तुळया बांधून त्यांनी दोन धडांच्या विशाल नौका उभारल्या आणि ताहिती, हवाई, न्यूझीलंड अशा हजारो मैल विखुरलेल्या बेटांवर वस्ती केली. कॅप्टन जेम्स कुक १७६९ मध्ये ताहितीला पोहोचला. त्याच्या दुसऱ्या सफरीवरील चित्रकार विल्यम हॉजेस याने १७७४ मध्ये पाहिलेल्या तेथील युद्धनौकांच्या ताफ्याचे चित्र काढले. ओळीने उभ्या असलेल्या त्या जोडनौका आजही आपण चित्रात पाहू शकतो.

या नौका काथ्याने बांधण्याचे कारण केवळ लोखंडाचा अभाव एवढेच नव्हते. दोन धडे दोन वेगवेगळ्या लाटांवर असतात. एक वर उचलले जात असताना दुसरे खाली जाते. जोड ताठ असेल, तर ही सारी ओढाताण एका बिंदूवर येऊन लाकूड फाटते. दोराचे वेढे थोडे सरकतात, थोडे ताणले जातात आणि तो धक्का आपसांत वाटून घेतात.

युरोपात हा धडा नव्याने शिकावा लागला. सर विल्यम पेटी या इंग्रज विद्वानाने १६६२ पासून डब्लिन येथे दोन धडांची जहाजे बांधून पाहिली. ती वेगाने धावली, पैजाही जिंकल्या. परंतु १६६४ मध्ये पाण्यात उतरविलेली त्याची 'एक्सपेरिमेंट' ही मोठी नौका पुढच्याच वर्षी वादळात बुडाली आणि जोडनौकेची कल्पना दोन शतके मागे पडली. १८७६ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील नॅथानिएल हेरेशॉफ या तरुण नौकाशिल्पीने 'अमॅरिलिस' नावाची जोडहोडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत आणली. तिने नामांकित होड्यांना मागे टाकले. तक्रारी झाल्या आणि तिला अपात्र ठरविण्यात आले. पुढच्या वर्षी हेरेशॉफला आपल्या रचनेचे पेटंट मिळाले. त्या रचनेत धडे आणि तुळया यांचे सांधे गोल फिरणारे होते, जेणेकरून प्रत्येक धडाला आपल्या लाटेप्रमाणे हलता यावे. काथ्याने जे साधले होते तेच त्याने धातूने साधावयाचा प्रयत्न केला होता.

जी होडी झुकत नाही

आता एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा विषय तिच्यावर उभा आहे. साध्या एकधडी होडीवर वाऱ्याचा झोत आला की ती एका बाजूला कलते. ती कलली की शिडावरचा वारा निसटून जातो आणि डोलकाठीवरचा ताण कमी होतो. म्हणजे होडीचे झुकणे हाच तिच्या दोरांचा बचाव असतो. जोडहोडीचे तसे नाही. तिची बैठक रुंद असते, ती सहजी कलत नाही. प्रवाशांना हे सुखाचे वाटते. पेल्यातला चहाही सांडत नाही. पण झोताचे जे बळ होडीने झुकून सोडून द्यावयाचे, ते सारे तणाव्यांवर आणि त्यांच्या कड्याखिळ्यांवर येऊन आदळते.

शिवाय एकधडी होडीत डोलकाठीचा भार खाली भक्कम कण्यावर जातो. जोडहोडीच्या मधोमध खाली पाणीच असते. तेथे डोलकाठी एका आडव्या तुळईवर उभी राहते आणि तिला खाली दाबते; पुढचा तणावा पुढच्या तुळईला वर ओढतो; बाजूचे तणावे दोन्ही धडांना आत खेचतात. एखादी कडी तुटली, तर डोलकाठी क्षणात खाली येते आणि खाली माणसे बसलेली असतात. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, तेहतिसाव्या अध्यायात, दोर सैल पडून डोलकाठी सावरू न शकणाऱ्या जहाजाचे चित्र आले आहे. शहराच्या दुर्दशेला संदेष्ट्याने ही उपमा का वापरली असावी, हे समुद्राकाठच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

तारेचे आगमन

तणाव्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठे स्थित्यंतर समुद्रावर नव्हे, खाणीत झाले. जर्मनीच्या हार्त्झ पर्वतातील क्लाउस्थाल येथे विल्हेल्म आल्बर्ट हा खाण अधिकारी होता. खाणीतून खनिज वर काढण्यासाठी लोखंडी साखळ्या वापरत आणि त्या वारंवार तुटत. साखळीचा दोष असा की, एक कडी गेली की सारे गेले, आणि जाण्यापूर्वी ती सूचना देत नाही. १८३४ मध्ये आल्बर्टने लोखंडी तारांचा दोर वळला. चार तारांचा एक पदर, असे तीन पदर. एखादी तार तुटली तरी शेजारच्या तारा भार पेलतात आणि तुटलेले टोक बाहेर दिसते. म्हणजे दोर स्वतःच आपला दोष सांगतो. उपदेशकाच्या ग्रंथात तीन पदरी दोरीविषयी जो विचार आला आहे, त्याचे जणू हे लोखंडी रूपच.

थोड्याच काळात तारेचा दोर जहाजांवर आला. तागाचे व काथ्याचे तणावे मागे पडले. विसाव्या शतकात गंजरोधक पोलादाची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची, तार आली. शेफील्ड येथील हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ मध्ये क्रोमियमयुक्त पोलादाचा शोध लावला होता. त्याची चकाकी पाहून नावाडी निश्चिंत झाले. एकोणीस तारा एकत्र वळलेली ताठ तार, तिच्या टोकावर यंत्राने दाबून बसविलेली पोलादी नळी, खाली ताण कमी-जास्त करणारी मळसूत्री ताणणी आणि धडाच्या काठावर बोल्टने बसविलेली पट्टी, अशी रचना जगभर रूढ झाली.

याच सुमारास जोडहोडीही पुन्हा पुढे आली. फ्रेंच दर्यावर्दी एरिक द बिशॉप 'कैमिलोआ' या जोडनौकेतून १९३७ मध्ये हवाईहून निघाला आणि १९३८ मध्ये फ्रान्सला पोहोचला. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये प्राउट बंधूंनी आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी आल्टर याने लहान जोडहोड्या सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणल्या. फायबरग्लासची धडे कुजत नाहीत. त्यामुळे त्या काळच्या कितीतरी होड्या एका मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहिल्या. धड शाबूत दिसते, शीड नवे असते आणि डोलकाठीला धरणारी तार मात्र होडी चालविणाऱ्या मुलाहून वयाने मोठी असते. धोका नेमका येथे असतो.

चकाकीच्या आत

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा समज पूर्ण खरा नाही. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तो त्याचे रक्षण करतो. हा थर ओरखडला तरी पुन्हा तयार होतो, पण त्यासाठी प्राणवायू लागतो. तारेच्या टोकावरच्या नळीत खारे पाणी शिरून साचते. तेथे हवा पोहोचत नाही. थर पुन्हा धरत नाही आणि पोलाद आतल्या आत पोखरले जाते. तीच गत डेकमधून आरपार जाणाऱ्या पट्टीची. वरचा भाग आरशासारखा आणि लाकडात दडलेला भाग पोखरलेला. शिवाय होडी नांगरावर उभी असतानाही डोलकाठी सतत हलत असते. लक्षावधी वेळा मागेपुढे वाकून धातू थकतो आणि त्याला केसाएवढा तडा जातो.

काथ्याचा दोर आपले म्हातारपण लपवीत नसे. तो पिंजत असे, काळा पडत असे, हाताला टोचत असे. पोलाद शेवटच्या दिवसापर्यंत तरुण दिसते. म्हणूनच अनुभवी नावाड्यांचा एक ठोकताळा आहे की, खाऱ्या पाण्यातील तणावे सुमारे दहा-पंधरा वर्षांनी, दोष दिसो वा न दिसो, बदलावेत.

जुन्या जोडहोडीची ही कामे हाती घेताना पुष्कळांची पहिली चूक ठरलेली असते. ते जाड तार आणतात. पाच मिलिमीटरऐवजी सहा मिलिमीटरची तार घेतली, की छेदाचे क्षेत्रफळ पंचवीसास छत्तीस या प्रमाणात वाढते, म्हणजे तारेचे बळ साधारण चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. मालक समाधानी होतो. परंतु तार ज्या पट्टीला बांधली आहे ती जुनीच असते, पट्टीचे बोल्ट जुने असतात आणि बोल्टमागचे लाकूड त्याहून जुने. पूर्वी वाऱ्याच्या झोतात तार तुटली असती. आता पट्टी धडातून उपटून येईल आणि धडाला भोक पडेल. तार तुटली तर डोलकाठी जाते. धड फुटले तर होडीच जाते.

म्हणून जाणता कारागीर वेगळ्या क्रमाने काम करतो. तो आधी डोलकाठी उतरवितो आणि प्रत्येक कडी, खीळ व नळी भिंगाखाली पाहतो. बारीक तडे शोधण्यासाठी धातूवर रंगीत द्रव लावून तो पुसतात. तडा असेल तर रंग त्यात राहून रेघ उमटते. काठावरील पट्ट्या काढून त्यांचा दडलेला भाग तपासतात. जिथे तारेला खालच्या बाजूने दोन दिशांनी हलावे लागते, तिथे बिजागरीसारखा दुहेरी सांधा बसवितात. तो नसेल तर ताणणीचा दांडा वाकून वाकून तुटतो. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर पोलादी बोल्ट बसविताना मध्ये प्लास्टिकचा पदर ठेवतात, कारण खाऱ्या पाण्यात हे दोन धातू भिडले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. आणि सर्वांत शेवटी, प्रत्येक खिळीतून जाणारी ती इवलीशी चिमट्याची पिन. किंमत जवळजवळ शून्य. पण ती निसटली की खीळ सरकते, खीळ सरकली की तणावा सुटतो. तिची टोके व्यवस्थित वाकविलेली आहेत ना, हे पाहणे हे काम संपण्यापूर्वीचे शेवटचे काम असते.

थोडक्यात, साऱ्या साखळीचे बळ सारखे करत जाणे आणि जे कधी ना कधी तुटणारच आहे ते सहज दिसेल व सहज बदलता येईल अशा जागी ठेवणे, हे या विद्येचे सार आहे.

परत दोराकडे

हे सार ज्याने विशेष ओळखले, तो म्हणजे इंग्लंडमधील जेम्स व्हॅरम. १९५५-५६ मध्ये त्याने अवघ्या साडेतेवीस फुटांच्या, स्वतः बांधलेल्या 'तांगारोआ' या जोडहोडीतून दोन जर्मन स्त्रियांसह अटलांटिक पार केला. पुढे त्रिनिदादमध्ये त्याने 'रोंगो' ही चाळीस फुटी नौका बांधली आणि १९५९ मध्ये तीतून न्यूयॉर्कहून आयर्लंड गाठले. पॅसिफिकच्या जुन्या नौकांचा त्याने मनापासून अभ्यास केला होता. त्याच्या नंतरच्या आराखड्यांत तुळया बोल्टने नव्हे, दोराच्या वेढ्यांनी बांधलेल्या असतात. बाजूच्या तणाव्यांच्या खालच्या टोकालाही मळसूत्री ताणणीऐवजी दोरीचे फेरे असतात. दोरीचा एक फेरा झिजला तर बाकीचे धरून राहतात आणि झीज डोळ्यांना दिसते. ती बदलायला कारखाना लागत नाही. एक सुरी आणि काही हात दोरी पुरते. व्हॅरमचे २०२१ मध्ये निधन झाले. त्याच्या आराखड्यांवरून सामान्य माणसांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या होड्या आज जगातल्या सर्व समुद्रांवर आहेत.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील डीएसएम या कंपनीच्या संशोधकांनी पॉलिथिनचा एक विलक्षण बळकट धागा तयार केला. 'डायनीमा' या नावाने १९९० पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. हा धागा पाण्यावर तरंगतो, गंजत नाही आणि सारख्या वजनाच्या पोलादाहून कितीतरी पट भार पेलतो. आता अनेक जुन्या जोडहोड्यांवरची पोलादी तार उतरवून या धाग्याचे तणावे चढवितात. हलक्या तणाव्यांमुळे डोलकाठीवरचे वजन घटते आणि होडीचे डोलणे कमी होते. दोष त्यालाही आहेत. सतत भार राहिला तर तो सावकाश लांबत जातो, म्हणून पुन्हा ताणून घ्यावा लागतो. उन्हाने त्याचे बाहेरचे धागे खराब होतात. काठाला घासला तर कापला जातो आणि उष्णता त्याला सोसत नाही. पण यांतील बहुतेक दोष डोळ्यांना दिसतात आणि हाताला कळतात. म्हणजे दोन हजार वर्षे फिरून नावाडी पुन्हा दोर अंगठ्याखालून सरकवू लागला आहे.

होकुलेआची रात्र

येथे कोणाला वाटेल की जुने ते सारे सुरक्षित आणि नवे ते सारे फसवे. तसे नाही, हे सांगणारी एक दुःखद घटना नोंदविली पाहिजे. हवाईमध्ये पूर्वजांच्या नमुन्यावर बांधलेली 'होकुलेआ' ही बासष्ट फुटी जोडनौका मार्च १९७५ मध्ये पाण्यात उतरली. तिच्या नावाचा अर्थ आनंदाचा तारा. तिच्या तुळया दोरांनीच बांधलेल्या आहेत. १९७६ मध्ये होकायंत्राविना, तारे आणि लाटा पाहत ती हवाईहून ताहितीला पोहोचली आणि आपल्या पूर्वजांचे ज्ञान खरे होते, हे पाहून साऱ्या बेटवासीयांचा ऊर भरून आला.

१६ मार्च १९७८ च्या संध्याकाळी ती दुसऱ्यांदा निघाली. वारा जोराचा होता, समुद्र खवळला होता. त्याच रात्री मोलोकाई बेटाच्या दक्षिणेस ती उलटली. जोडहोडी सहजी कलत नाही; पण एकदा उलटली की उलटीच राहते. खलाशी रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी तिच्या उपड्या धडांना धरून होते. त्यांच्यात एडी आयकाऊ नावाचा एकतीस वर्षांचा तरुण होता. किनाऱ्यावरील जीवरक्षक म्हणून त्याने पूर्वी अनेकांना बुडताना वाचविले होते. मदत आणण्यासाठी तो आपल्या लाटफळीवर बसून लानाई बेटाच्या दिशेने निघाला. काही तासांनंतर एका विमानाला नौकेची निशाणी दिसली आणि बाकीचे सारे वाचले. एडी पुन्हा दिसला नाही.

त्या रात्री दोरांचा दोष नव्हता. नौका बांधली उत्तम होती, पण कोणत्या हवेत निघायचे, काय झाले तर काय करायचे आणि मदतीला सोबत कोण असेल, याची बांधणी तितकी पक्की नव्हती. त्या लोकांनी हे मान्य केले. त्यांनी नौका जाळली नाही की संग्रहालयात ठेवली नाही. पुढची दोन वर्षे कसून प्रशिक्षण घेतले, सोबत दुसरी नौका ठेवण्याचा नियम केला आणि १९८० मध्ये नैनोआ थॉम्पसन या तरुण दिशादर्शकाच्या मार्गदर्शनाखाली होकुलेआ ताहितीला जाऊन सुखरूप परत आली. एडीच्या मृत्यूने त्यांना शिकविलेले त्यांनी दोरांइतक्याच काळजीने जपले.

शेवटी

वाचकहो, जुनी होडी सुरक्षित करावयाची म्हणजे काय, याचे उत्तर आता आपल्यासमोर आहे. जाड तार हे ते उत्तर नव्हे. दडलेला सांधा उघडून पाहणे, बळकट भागाने दुबळ्या भागावर जास्तीचा भार टाकू नये याची काळजी घेणे, जो भाग झिजणार तो नजरेसमोर ठेवणे आणि एवढे सारे करूनही वादळात निघण्यापूर्वी विचार करणे, हे ते उत्तर आहे. त्यासाठी नवे साहित्य जरूर वापरावे. पण चकाकीवर विसंबून तपासणी सोडू नये.

आपली कुटुंबे आणि आपली गावे याही एका परीने जुन्या सांगडीच आहेत. त्यांत कोणी कधी न झुकणारा असतो आणि त्याचा भार दुसरे कोणी गुपचूप पेलत असते, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहिले असेल. बाहेरून शाबूत दिसणारे किती सांधे आतून थकलेले असतात, हे आम्हा धर्मगुरूंना दारावर थाप पडल्यावरच, आणि बहुधा उशिरा, कळते. म्हणून यापुढे 'सांगड घालणे' हे शब्द ओठांवर आले, की मुक्कुवर कोळ्याला आठवावे. त्याने सांगड एकदाच घातली नव्हती. प्रत्येक खेपेनंतर तो दोर सोडी, लाकूड उन्हात ठेवी, आणि पुन्हा समुद्रात जायची वेळ आली की त्याच दोरावरून हात फिरवीत पहिल्यापासून बांधायला घेई.